चार हातांचा सांधा

गळाच्या काठीचा सांधा जोडावा तर तो मीच! अख्ख्या सोलापुरात माझ्या तोडीचा दुसरा माणूस दाखवा, मिशी उतरवतो. म्हणजे, मिशी मी आधीच उतरवून ठेवली आहे. उगाच रिस्क कशाला?

आमची रविवारची टोळी चार म्हाताऱ्यांची. नरसय्या, जन्मभर मागावर चादरी विणलेला. देशमाने सर, हायस्कुलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. बशीरभाई टेलर. आणि मी दत्तू, पॉवरलूमचा फिटर, सातवीत मास्तरांनी हात जोडले म्हणून शाळा सोडलेला. रविवार उजाडला की आम्ही हिप्परग्याच्या तळ्यावर. मासा मिळतो क्वचित, किस्सा मिळतो हमखास. बरं, मासा घरी नेला तर रात्रीपर्यंत संपतो. किस्सा मात्र फ्रीजबाहेर टिकतो आणि दर खेपेला वीतभर वाढतो. आता घरात ठेवायला जागा नाही, म्हणून तुमच्या पानात वाढतोय.

आधी आमच्या सगळ्यांच्या काठ्या बांबूच्या, अखंड. मग बाजारात तुकड्यातुकड्यांचे रॉड आले आणि माझ्या विद्वत्तेला वाव मिळाला. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या पोकळीत बसतं. कारागीर लोक त्याला नर-मादी म्हणतात. एवढंच असतं ते. पण एवढ्यातच सगळं असतं!

*

पहिला रॉड घेतला नरसय्यानं.

"दत्तू, किती घट्ट बसवू रे?" त्यानं मला विचारलं. मला! बघा त्याची बुद्धी.

मी म्हणालो, "हलक्या हातानं लाव. सुनेशी बोलतो तसं."

नरसय्यानं तसंच लावलं. उभा राहिला, काठी मागं नेली आणि झोकात फेकली. गळ गेला, दोरा गेला, आणि त्यांच्यामागून काठीचे वरचे दोन तुकडेही गेले! नरसय्याच्या हातात उरली फक्त मूठ. तो दिवस आम्ही काठीला गळ टाकण्यात घालवला. संध्याकाळी ती लागली एकदाची. ओढताना सगळे ओरडत होते, "मोठा आहे, मोठा आहे!"

काठी वर आली. तिला शेवाळ, चिखल आणि कुणाची तरी एक चप्पल.

नरसय्यानं काठीला अडकलेली चप्पल सोडवून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "अय्यो, दत्तू! लोक माशाला किडा घालतात. तू काठीच घातलीस की!"

"आणि तू सुनेशी एवढं हळू बोलतोस, हे मला काय माहीत?"

*

पुढं देशमाने सरांनी भारीतला रॉड घेतला. आता मी शहाणा झालो होतो. सर चहा आणायला गेले तेवढ्यात मी त्यांचा रॉड तपासला. बघतो तर काय, सांधा पुरता बसलाय, तरी दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर फट!

मी फिटर माणूस. आयुष्यभर फट दिसली की बंद केली. खिशात पॉलिशपेपरचा तुकडा असतोच. बसलो नराचं टोक घासत. घासलं, लावून बघितलं. घासलं, लावून बघितलं. सर चहा घेऊन आले तेव्हा फट गायब. केस घुसायचा नाही असा सांधा!

"सर, कंपनीनं तुम्हाला फसवलं होतं. मी दुरुस्त केलं."

सरांच्या हातातला कप तिरपा झाला. चहा माझ्याच पायावर.

"दत्तोबा, ती फट मुद्दाम ठेवलेली असते! रोज काढून-लावून सांधा झिजतो. झिजला की नर थोडा आत सरकतो, तरी पकड राहते. फट संपली की काठीचं आयुष्य संपलं!"

"मग हे आधी सांगायचं की!"

"आधी तू विचारायचंस की!"

तेव्हापासून नवीन माणूस भेटला की सर माझी ओळख अशी करून देतात, "लोकांच्या काठ्या वापरून म्हाताऱ्या होतात. माझी याच्या हातून जन्मतःच म्हातारी झाली."

*

एकदा मी एकटाच उजनीला निघालो होतो. अकलूजच्या गाडीत शेजारी श्रीपूरकडचे एक ऊसवाले शेतकरी. माझ्या मांडीवर रॉडचे तुकडे, चिंध्यांनी बांधलेले.

"मामा, हे काय हाय?"

आता खरं सांगितलं असतं तर बिघडलं असतं का? पण जिभेला खाज. मी म्हणालो, "उसाची गोडी मोजायचं यंत्र. उसाला कशी पेरं असतात? तशी ह्यालापण पेरं. एकेक पेर जोडायचं, उसाला टेकवायचं, वरचं टोक हललं की समजायचं साखर आहे."

"आरं तिच्या! मग चला की आमच्या फडात. जेवूनच जावा."

त्यांनी दंडच धरला. उजनीच्या फाट्यावर उतरायचं सोडून मी श्रीपूरला उतरलो. भर उन्हात फडात उभं राहून रॉड जोडला, उसाला टेकवला आणि टोक मीच हळूच हलवलं. "लई गोड!" मी जाहीर केलं. मग घरी भाकरी, पिठलं, ताक. माणसं देवासारखी. मलाच कसंतरी व्हायला लागलं.

निघताना त्यांनी स्टँडवर सोडलं. पान हातावर ठेवलं आणि म्हणाले, "मामा, मासं धरायची काठी हाय हे मला गाडीतच कळलं हुतं. तुमच्या पिशवीतनं गांडूळ भाईर आलं हुतं की!"

"मग उतरवलंत कशाला?"

"घरातली म्हातारी आठ दिस झालं हसली न्हवती. म्हनलं, ह्येला न्यावं."

*

आणि आता बशीरभाईंचं.

बशीरभाईंचा इम्रान मिसरूड फुटलं तसा गल्फला गेला. तो लहान होता तेव्हा बशीरभाईंची मशीन रविवारीसुद्धा चालायची, म्हणून बाप-लेक तळ्यावर कधी एकत्र बसलेच नाहीत. यंदा तो सुट्टीवर येणार होता. त्यानं आधीच एका मित्राबरोबर चार तुकड्यांचा रॉड पाठवला आणि फोनवर सांगितलं, "अब्बा, मैं आया की अपन दोनों जाइंगे."

बशीरभाईंनी तो फोन आम्हाला इतक्या वेळा ऐकवला, की नरसय्याला पाठ झाला.

इम्रान रविवारी पहाटे उतरणार. शनिवारी सकाळी बशीरभाई रॉड घेऊन माझ्या अंगणात हजर. "दत्तू, तुमे एक्सपर्ट हैं ना? जोड को दिखाव."

नरसय्याचा सांधा सैल राहिला होता, हे माझ्या डोक्यात पक्कं. यावेळी चूक नाही! सगळे सांधे बसवले आणि मधल्यावर तळहातानं दोन ठोसे जास्तीचे घातले. वर एक पीळ दिला. मग डोळा लावून बघितलं. दोरा ज्या कड्यांतून जातो त्या सगळ्या एका रेषेत पाहिजेत. खालच्या कड्या तळ्याकडं बघत होत्या, वरच्या आमच्या न्हाणीघराकडं.

फिरवून बघितलं. फिरेना. ओढलं. निघेना. म्हणजे काठी लावलेलीही नाही आणि सुटलेलीही नाही!

बशीरभाई ओट्यावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "बच्चे कू क्या दिखाऊँ जी मैं?"

मी धावत जाऊन सर आणि नरसय्याला घेऊन आलो. सर म्हणाले, "आतला नर थंड कर, बाहेरची मादी कोमट कर. थंडीनं आकसतं, उष्णतेनं फुगतं." मी रसवाल्याकडून बर्फ आणला आणि गडबडीत बरोबर उलटं केलं. सांधा आणखी आवळला. सरांनी कपाळाला हात लावला. मग मी काठी गुडघ्यांच्या मागं धरली, उकिडवा बसलो आणि गुडघे फाकवून जोर केला. सांधा तसाच. माझ्या मांडीत मात्र गोळा आला. तिघांनी मला उभा केला.

शेवटी सर म्हणाले, "चार हात लागतील. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या इकडं, एक तिकडं. सरळ, एकदम ओढायचं. पीळ द्यायचा नाही."

मी आणि नरसय्या उभे राहिलो. एक, दोन, तीन! मी "तीन" ला ओढलं. नरसय्यानं "तीन" झाल्यावर ओढलं. पुन्हा केलं. आता तो आधी, मी नंतर.

"तुला मोजता येतं का रे?"

"येतं! तेलुगूत मोजू का?"

तेलुगूतही नाही जमलं.

एवढ्यात आमची शकू मागून ओरडली, "अहो, खेळ झाला असेल तर या इकडं. चादर पिळायची आहे."

आता सोलापुरी चादर भिजली की एकट्याचं काम नाही. मी गेलो. एक टोक तिनं धरलं, एक मी. पिळली, मग ताणून झटकली. आणि झटकताना माझी ट्यूब पेटली. इथं कुणी एक-दोन-तीन म्हणत नाही! लग्नापासून म्हटलेलं नाही!

"शकू, हात पूस आणि चल."

तिनं पदराला हात पुसले, काठी धरली. मी धरली. बशीरभाई डोळे मिटून पुटपुटायला लागले. कुणी मोजलं नाही. टक्! सांधा सुटला. दोघांच्या हातात दोन तुकडे, ना चीर, ना ओरखडा! बशीरभाईंनी दोन्ही तुकडे गालाला लावले.

सरांनी चष्मा पुसला. "वहिनी, हे टायमिंग कसं जमवलंत?"

"टायमिंग कसलं, भावजी! हे ओढतात तेव्हा मी नुसतं धरून ठेवते. हे दमले, की ओढते."

नरसय्या ओट्यावर आडवा पडून हसला. मी न ऐकल्यासारखं केलं.

या रविवारी तळं बाप-लेकांना सोडायचं असं आम्ही ठरवलं होतं, पण मला राहवलं नाही. सकाळीच हिप्परग्याला गेलो. बांधाच्या पलीकडं बाप-लेक खांद्याला खांदा लावून बसले होते. इम्रान कणकेची गोळी गळाला लावत होता आणि बशीरभाई त्याला "ऐसा नक्को, ऐसा" म्हणून दाखवत होते. जवळ गेलो. बघतो तर दोघांच्या हातात बांबू! जुने, अखंड बांबू!

मी म्हणालो, "अहो बशीरभाई, काल माझ्या मांडीचा जीव गेला! रॉड कुठाय?"

बशीरभाईंनी पाण्यावरच्या बुचावरची नजर काढली नाही.

"घर में रख को आया. मालूम था, तुमे आइंगे."