साठेबाईंनी घालवलेलं घर

गृहकर्जाच्या फायलीवर सही करण्याआधी बँकेच्या अधिकारी साठेबाई ते घर स्वतः बघायला जात आणि तिथल्या अर्धवट स्वयंपाकघरात फतकल मारून आपला डबा खात. "दोन घास खाल्ल्याशिवाय घराचा स्वभाव कळत नाही," असं म्हणत. बँकेत यावरून त्यांची थट्टा चाले, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आम्हाला हडपसरला तळमजल्यावरचा फ्लॅट हवा होता. वडिलांना जिने झेपत नव्हते आणि भाड्याची जागा दिवाळीपर्यंत सोडायची होती. मी बँकेत हेलपाटे घालत होतो. कधी पगाराचा दाखला जुना निघे, कधी नकाशावरचा शिक्का पुसट. कुरकुरलो की बाई चष्म्यावरून बघत. "अहो, घाई असेल तर भाजी घ्या. घर कशाला घेताय?" मला त्यांचा मनस्वी राग येई.

शेवटी एकदाच्या त्या जागा बघायला आल्या. डबा उघडतात तोच शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी पारू. तात्याची थोरली भन. ही जमीन आमच्या बाची व्हती."

तात्या म्हणजे जमिनीचे मालक आणि इमारतीचे बिल्डरही. वारसांमध्ये त्यांनी बहीण दाखवलीच नव्हती. बाईंनी डब्याला झाकण लावलं आणि तात्यांना बोलावून घेतलं.

तात्या हसले. "मॅडम, आमच्यात बहिनीला भाऊबीजेची साडी आसती. हिस्सा कोन मागतंय? आंगठा पायजे ना, आत्ता घेतो."

"अंगठा नंतर. आधी त्यांना काय हवंय ते विचारा."

तात्या विचारीनात, तेव्हा बाईंनीच विचारलं. पारूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ह्ये खालचं घर पायजे."

तळमजल्यावर तेवढाच फ्लॅट उरला होता. तात्यांचा चडफडाट झाला, पण बहिणीच्या संमतीशिवाय त्या इमारतीला कर्ज मिळणार नव्हतं. त्यांनी तो तिच्या नावावर केला.

हे सांगायला साठेबाई आमच्या घरी आल्या. "तुमचं घर मी घालवलं. वाईट वाटतंय. पण उद्या पुन्हा वेळ आली तरी हेच विचारीन." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर त्यांना चहाही विचारला नाही. वडील तेवढे म्हणाले, "बरोबर केलंत."

मग त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उरलेल्या फ्लॅटची फाईल बाईंनी आमच्याहून जास्त धावपळ करून दिवाळीआधी मंजूर करून आणली. वडील जिना चढताना आधी पारूबाईंच्या दारात टेकत, चहा घेत, मग वर येत. माझा राग कधी विरला, कळलंही नाही. पुढे पुढे बाई मला फार आवडू लागल्या.

गेल्या वर्षी साठेबाई गेल्या. मी खाली जाऊन पारूबाईंना सांगितलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "आंगठा मागाय कुनीबी आलं आसतं. काय पायजे, ह्ये त्या एकटीनंच इचारलं."

त्या दिवशी त्यांनी गॅस पेटवला नाही. घरातलं माणूस गेलं की शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची असते. आम्ही नेली.