आईची काठी आणि माझा पूर

मी पुराला घाबरतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला ते मागच्या पावसाळ्यात कळलं.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की मी सावध माणूस आहे. पेशानं शिक्षक. 'आपत्तीच्या वेळी काय करावे' हे मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो, आणि तेही इतक्या तळमळीनं, की दोन-तीन पोरं पाऊस लागला की शाळेतच येत नाहीत. आमचं गाव धानोऱ्याकडच्या जंगलात. गाव आणि गडचिरोली यांच्या मधे एक नदी, आणि नदीवर एक ठेंगणा पूल. उन्हाळ्यात या पुलाखालून बकऱ्या जातात, पावसाळ्यात पुलावरून मासे! कठडे नाहीत. एकदा लावले होते, ते नदीनं पहिल्याच वर्षी नेले आणि अजून परत केलेले नाहीत. मोबाईलची रेंजसुद्धा पुलापलीकडेच मिळते, अलीकडे नाही.

त्या दिवशी माझ्या मुलीला, प्राचीला, पाच वाजायच्या आत गडचिरोलीच्या नर्सिंग कॉलेजात मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. आदल्या वर्षी तिचा प्रवेश थोडक्यात हुकला होता. पोरगी वर्षभर पुन्हा अभ्यासाला बसली, आणि या खेपेला यादीत नाव आलं. पण पाचच्या आत हजर नाही झालं, तर जागा खालच्या नावाला. आणि रात्रभर पाऊस कोसळत होता. मी रात्रभर कौलांचा आवाज ऐकत पडलो होतो आणि दर तासाला बायकोला उठवून विचारत होतो, "सुनंदा, झोपली का?"

सकाळी नऊला आम्ही निघालो. मी, सुनंदा, प्राची आणि माझी आई. (आईचं गडचिरोलीत काही काम नव्हतं. पण नातीला पाठवायचं म्हणजे पुलापर्यंत जायलाच पाहिजे, असं तिचं म्हणणं. वय पंचाहत्तर, हातात काठी, डोक्यावरून मेणकापड.) पुलाजवळ पोचलो तर पुलावर गुडघाभर पाणी. तांबडं, घों घों करणारं.

"कोणी पुढं जायचं नाई!" मी ओरडलो.

"कोणीच जाऊन नाई राह्यलं, बाबा," प्राची म्हणाली. "सारे तुमच्या मांगंच उभे हाओत."

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. पूर चढतोय की उतरतोय हे नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं. पुलाच्या थोडं वर, म्हशी पाण्यावर येतात तिथं उतरता घाट आहे. मी आईसमोर हात केला.

"माय, तुही काठी दे."

"मंग मी काय धरू?"

"मले धर."

"तुले?" आई म्हणाली. त्या एका शब्दात तिनं माझी पन्नास वर्षं मोजली.

तरीही काठी मिळाली. ती मी पाण्याच्या बरोबर कडेला चिखलात रोवली आणि कुटुंबाला नियम समजावून सांगितला. पाणी काठीच्या वर आलं म्हणजे पूर चढतोय. काठी कोरडी पडली म्हणजे उतरतोय. काठी आणि पाणी यांच्यात दहा पावलांचं अंतर पडलं, की पूल मोकळा झाला असं समजायचं. तोवर थांबायचं. आई म्हणाली, "मी बसते इथीच दगडावर. तुमी जा तिकडं, काऊन उगाच वलं होता?"

मी साठ-सत्तर पावलांवरच्या प्रवासी निवाऱ्यात ठाण मांडलं. तिथून घाट दिसतो, आई दिसते, काठी दिसते. पूल तेवढा बांबूच्या दाट रांजीआड दडतो. पण पूल बघायची गरजच काय? काठी होती ना!

दहा वाजता चष्मा पुसून पाहिलं. पाणी काठीला लागलेलं. साडेदहाला पाहिलं. पाणी काठीला लागलेलं. अकराला पाहिलं. पुन्हा तेच! पाऊस तर थांबून तास झाला होता. "हा पूर हट्टी आहे," मी जाहीर केलं. "वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस चालू असन. हे पाणी आज उतरत नसते."

प्राची कागदांची फाईल छातीशी धरून नुसती उभी होती. तिचा तो चेहरा बघवत नव्हता. मला खरंच वाईट वाटत होतं. एकीकडे पोरीचं वर्ष, एकीकडे पोरगी! मी मनातल्या मनात दोन्ही पारडी उचलून बघितली आणि ठरवलं, वर्ष गेलं तरी चालेल.

साडेअकराला धानाची रोपं लावायला निघालेल्या रोवणीच्या बाया आल्या. सतरा जणी, पदर खोचलेले, डबे हातात, हसत-खिदळत. त्यांच्या म्होरक्या इंदूबाई. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो.

"बाई, जाऊ नका! पाणी उतरलं नाई."

"कोण म्हणते जी?"

"काठी म्हणते."

इंदूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनंदाकडे. "गुरुजी, आमी पाहून येतो. नाई जमलं त वापस येऊ." आणि सगळ्या बांबूच्या वळणाआड गेल्या.

परत आल्या नाहीत.

मी पाच मिनिटं वाट पाहिली. दहा मिनिटं पाहिली. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "अवो, आयकता का? पोरीच्या पोटात सकाळपासून काही नाई. मी तिले घेऊन मामीच्या घरी जाऊन बसते. फाईल बी द्या, इथी वली होईन." मामी म्हणजे सुनंदाची मामी, तिचं घर वस्तीत, रस्त्यापासून आत. मला तो विचार पटला. उलट बरंच वाटलं. दोघी या नदीपासून जितक्या दूर जातील तितकं चांगलं! मी त्यांना जातानासुद्धा सांगितलं, "पुलाकडून जाऊ नका!"

"नाई जात," सुनंदा म्हणाली. (तेवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी किती वेळा खोटं बोलली असेल, याचा मी आता नव्यानं विचार करतोय.)

त्यानंतर एक दूधवाला आला, मोटारसायकलवर दोन कॅन लटकवून. मी सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, वळणाआड गेला. परत आला नाही! मग सात्या विकायला निघालेल्या दोघी बायका टोपल्या घेऊन आल्या. पावसात वारुळावर उगवणाऱ्या या अळिंब्यांसाठी गडचिरोलीत लोक जीव टाकतात, पण म्हणून विकणाऱ्यांनी जीव टाकायचा का? मी कळवळून विचारलं. त्या टोपलीतल्या सात्या दाखवून म्हणाल्या, "गुरुजी, ह्या संध्याकाळपर्यंत नाई टिकत." त्याही गेल्या. त्याही परत आल्या नाहीत! मग अकरा माणसं कोंबलेली काळी-पिवळी जीप. मग एक म्हातारा आणि त्याची म्हैस.

मी दर खेपेला चष्मा पुसून नुसतं काठीचं बूड बघत होतो. पाणी काठीला लागलेलं. हलायला तयार नाही! आणि रस्त्यानं माणसामागून माणूस वळणाआड जात होतं आणि नाहीसं होत होतं. कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं, की पाणी असतं तर ही माणसं परत आली असती. माझ्या लक्षात दुसरंच आलं. ही सगळी वाहून गेली!

दोनच्या सुमाराला एक टेम्पो आला. ड्रायव्हरनं विचारलं, "काय गुरुजी, पूल चालू हाये का?"

मी खिडकीला लटकलो. "भाऊ, ऐका माझं. सकाळपासून बत्तीस माणसं गेली. बत्तीस! एक बी वापस नाई आलं. म्हैस बी नाई आली!"

माझा चेहराच असा झाला असावा, की ड्रायव्हर पांढरा पडला. त्यानं टेम्पो जागच्या जागी वळवला आणि धूम ठोकली. सबंध दिवसात मी वाचवलेला तो एकमेव माणूस. (पुढे कळलं, की त्याच्या टेम्पोत एका लग्नाचा मंडप होता. ते लग्न उघड्यावर, भर पावसात लागलं.)

चार वाजले. आता पूर उतरला असता तरी पाचच्या आत गडचिरोली गाठणं अवघड होतं. संपलं होतं. मी जड पायांनी मामीच्या घराकडे निघालो. वाटेत प्राचीला काय सांगायचं ते ठरवत होतो. पुढच्या वर्षी करू, बेटा. तू हुशार आहेस. मामी पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

"मामी, प्राचीले बोलवा जरा."

"कुठून बोलवू?" मामीनं सूप खाली ठेवलं. "ते त इथी आलीच नाई. काऊन, काय झालं?"

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी पळालो एवढं खरं. एक चप्पल मामीच्या अंगणात राहिली, दुसरी बांधावर. मघाशी मी वर्ष गेलं तरी चालेल म्हणालो होतो ना? मग घ्या! वर्ष गेलं, आणि पोरगीही! बत्तीस अधिक दोन, चौतीस, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी "माय! माय!" ओरडत थेट घाटावर घुसलो.

आई दगडावर नव्हती. ती कुठंतरी खूप खाली, जिथं सकाळी खोल पाणी होतं तिथं, ओल्या वाळूत उभी होती. नदी तिच्यासमोर एखाद्या ओढ्यासारखी वाहत होती. आणि आईनं माझ्या डोळ्यांदेखत चिखलातली काठी उपटली, दोन पावलं पुढं टाकली, काठी पुन्हा पाण्याच्या कडेला रोवली आणि नदीला हात जोडले.

मी तिथंच मटकन बसलो. "माय! हे काय करून राह्यली?"

"काय म्हंजे? पोचवून राह्यली तिले." आई अगदी शांत. "माह्या आजीच्या गावची रीत हाये. पूर म्हंजे घरी आलेली लेक. वापस निघाली का तिच्यासंगं पावलापावलानं जा लागते. अर्ध्यातून वळलं त थे रुसते न वापस येते."

"सकाळपासून?"

"मंग? सकाळपासूनच त उतरून राह्यली थे."

मी डोकं धरलं. पुढचा प्रश्न विचारायची हिंमत होत नव्हती. "सुनंदा? प्राची?"

"त्या त कवाच्या गेल्या. इंदूच्या मांगंच गेल्या. पायाच्या बोटाएवढं बी पाणी नव्हतं पुलावर. मीच म्हटलं जा."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू मोजून राह्यला होता न, बाबू," आई म्हणाली. "मोजणाऱ्याले मधात टोकू नाई. मोजणं चुकते."

हायसं वाटायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. एक काळजी गेली की रिकाम्या जागेवर दुसरी येऊन बसते. पोचल्या असतील का? गाडी मिळाली असेल का? फाईलमध्ये जातीचा दाखला होता का? रेंजसाठी पुलापलीकडे जायलाच हवं होतं. मी अनवाणी पुलावर आलो.

पूल धुऊन निघालेला, स्वच्छ. कडेला बसून दोघं-तिघं गळ टाकून मासे धरत होते. कोणीतरी पुलाच्या भोकातून खेकडा ओढून काढत होतं आणि बाकीचे त्याला उलटसुलट सल्ले देत होते. दोन म्हाताऱ्या पाण्यात पाय सोडून गप्पा मारत होत्या. एवढा सुरेख ओला दिवस होता आणि मी तो पत्र्याच्या निवाऱ्यात घालवला होता! मी चालायला लागलो. पण मधोमध गेल्यावर दोन्ही बाजूंनी पाणी दिसायला लागलं, पायाखाली गाळ सरकला, कठडा तर नव्हताच. माझे पाय थांबले. पुढं जाईनात, मागं येईनात. मी थोडा वाकलो. मग आणखी थोडा वाकलो. मग पुलावर दोन्ही हात टेकवले.

"बाबा!"

पलीकडून प्राची पळत येत होती. मागून सुनंदा, हातात सात्यांचा पुडा. "झाली, बाबा! ॲडमिशन झाली! दोन वाजताच झाली!" तिनं प्रवेशाची पावती माझ्या नाकासमोर धरली. मला ती वाचता येईना. या खेपेला चष्म्यावर पाऊस नव्हता. मी चारही पायांवर होतो आणि हमसून हमसून रडत होतो. पोरीनं मला उठवून उभं केलं. माझा हात घट्ट धरला आणि स्वतः नदीच्या बाजूनं चालायला लागली. "खाली नका पाहू. माह्याकडं पाहा," ती म्हणाली. आजारी माणसाला धरून कसं न्यायचं हे कॉलेज सुरू व्हायच्या आधीच तिला येत होतं.

तेवढ्यात मागून रोवणीच्या बाया परतताना भेटल्या, चिखलानं माखलेल्या, दमलेल्या. इंदूबाईंनी मला अनवाणी, डोळे पुसताना पाहिलं आणि मायेनं विचारलं, "काय गुरुजी, पोरीले कॉलेजात सोडून आले काय जी?"

"नाई, काकू," प्राची म्हणाली. "मी कवाची जाऊन आली. आता बाबाले न्याले आली."

"बरं केलं व," इंदूबाई म्हणाल्या. "एकटे कसे आले असते ते!"

त्यांच्या आवाजात चेष्टेचा मागमूसही नव्हता, आणि तेच मला अजून बोचतंय.