व्हायरसनं दमवलेले सर

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना ताजंतवानं पाहिलेला माणूस साखळीपासून डिचोलीपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. सकाळच्या पहिल्या तासाला ते असे येत, की आठही तास घेऊन आता घरीच निघालेत. खुर्चीत बसायचे तेसुद्धा हप्त्याहप्त्यानं. बसून झालं की एक सुस्कारा सोडायचे आणि मुलांना विचारायचे, "आज कोणी काय आणलंय?" हा प्रश्न पेन ड्राइव्हबद्दल असे. दाराशी एक जुनाट संगणक त्यांनी बाकीच्यांपासून तोडून एकटाच मांडला होता. मुलांचा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी त्याला जोडून तपासायचा, मग आत. सर तो पेन ड्राइव्ह मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत धरत आणि तो कुठं कुठं फिरून आला ते विचारत, "खंय खंय भोंवून आयलो रे हो?" पोरगा म्हणे, "फक्त झेरॉक्सच्या दुकानात, सर." "फक्त? अरे, अख्खा तालुका आपले पेन ड्राइव्ह तिथं खुपसून जातो!" एवढं बोलूनच त्यांना दम लागे.

दर जूनमध्ये ते आठवीला व्हायरस समजावून सांगत. "व्हायरस म्हणजे किडा नव्हे. तोही माणसानंच लिहिलेला प्रोग्राम, फक्त वाईट हेतूनं लिहिलेला. तो आपणहून क्वचितच येतो. बहुतेक वेळा आपणच त्याला फुकटचा गेम समजून दार उघडतो." आणि दर जूनमध्ये कोणीतरी विचारी, "सर, मग कीबोर्ड डेटॉलनं पुसू?" सर डोळे मिटून घेत. पण पुढच्या जूनला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करत.

शाळेबाहेरही तीच गत. कारापूरच्या एका नातेवाइकानं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण फोनवर पाठवलं. आमंत्रणाच्या नावाखाली फोन पोखरणारं ॲप येतं हे माहीत असल्यामुळे सरांनी ते उघडलं नाही. नातेवाईक फोन उचलेनात, म्हणून भर दुपारी बस पकडून ते थेट कारापूरला गेले आणि मांडवाच्या वाशांची मोजणी चाललेली असताना यजमानांना विचारलं, "लग्न खरंच आहे ना?" ते यजमान पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

मी शाळेत मराठी शिकवते. सरांच्या या सोवळ्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांत जास्त हसणारी मीच. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या होत्या. एका बुधवारी सर डिचोलीला कामाला गेलेले पाहून मी त्यांचा पेन ड्राइव्ह घेऊन थेट प्रयोगशाळेत बसले आणि फॉन्ट बदलून देणारा एक फुकट प्रोग्राम उतरवला. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी त्यात सूचना होती. मी आज्ञाधारकपणे तो बंद केला. दहा मिनिटांत फायलींची नावं बदलू लागली, मग एकही उघडेना आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची नोटीस झळकली. शेजारच्या संगणकावरही तेच. दहावीच्या मुलांनी वर्षभर जमवलेले गावांविषयीचे प्रकल्प तिथंच होते. मये गावच्या एका मुलीनं खाणीवर ट्रक चालवलेल्या आपल्या आजोबांची मुलाखत शेजाऱ्यांच्या फोनवर रेकॉर्ड करून आणली होती. आजोबा नंतर पंधरा दिवसांत गेले, आणि शेजाऱ्यांनी ती फोनवरून कधीच पुसून टाकली होती.

मी रडत रडतच सरांना फोन केला. "बाई, आधी सगळ्यांच्या नेटच्या वायरी काढा," ते म्हणाले. "रडायचं मागाहून." तासाभरात ते आले. कोणी केलं हे विचारलंच नाही, काय उघडलं एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, बाह्या सरसावल्या आणि अठरा संगणक एकामागून एक कोरे करायला घेतले. दर शुक्रवारी सगळ्या कामाची प्रत एका हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात सुटी ठेवायचा त्यांचा नेम होता. त्या नेमालाही मी हसले होते. तीन दिवस ते राबले. मधे मुख्याध्यापकांनी येऊन सगळ्यांदेखत त्यांना झापलं, "तुमच्या ताब्यातल्या प्रयोगशाळेत हे होतंच कसं?" सर म्हणाले, "माझंच दुर्लक्ष झालं." मी तिथंच उभी होते. मी वायरी गुंडाळत राहिले.

शुक्रवारनंतरचं काम गेलं ते गेलंच, माझ्या प्रश्नपत्रिकांसकट. मुलाखत मात्र त्या डिस्कवरून परत आली. मयेची ती मुलगी हेडफोन लावून बसली आणि मधेच हसली. आजोबांना खोकला आला होता म्हणे, आणि त्या खोकल्यालाच त्यांनी शिवी घातली होती. सरांनी मुलाखतीच्या तीन प्रती करून एक तिच्या हातात दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माझं ऐकून पोरांचे कान किटलेत. एकदा तुम्ही सांगा. फसलेल्या माणसाचं ऐकतील." दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर सांगितलं, की तो प्रोग्राम मी उघडला, अँटीव्हायरसही मीच बंद केला. मुख्याध्यापक खाली मान घालून ऐकत राहिले. त्या आठवड्यात कितीतरी जण घरचे फोन आणि लॅपटॉप घेऊन आपणहून सरांकडे आले. सर आणखीच दमले.

यंदा त्यांची पेडण्याकडच्या एका शाळेत बदली झाली. परवा मी फोन केला. "कसं आहे तिकडं?" "दोन बस बदलाव्या लागतात, बाई. पाय दुखतात." मग पोरांचा गलका ऐकू आला, "सर, सर, हे बघा!" आणि ते म्हणाले, "ठेवतो हां." साऱ्या शाळेसमोर मी चूक कबूल केली, पण त्यांची वेगळी अशी माफी कधीच मागितली नव्हती. त्यासाठीच फोन केला होता.