मयत हजर आहे

माझं अक्षर खराब आहे, ऱ्हस्वदीर्घाच्याही चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही.

बंगळूरला येलहंक्याच्या पोलीस स्टेशनचे त्या वेळचे इन्स्पेक्टरसाहेब आता रिटायर झालेत. ते निपाणीकडचे, घरी मराठी बोलणारे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांनी एका केसची आठवण लिहिली आहे. ती घटना आजही आठवते, असं सुरुवातीलाच म्हटलंय. नाव कुणाचं घातलेलं नाही. पण त्यातली 'संशयित महिला' म्हणजे मी. मलाही ती आठवते. अजून मान खाली जाते.

मी वाकळा शिवते. इथे त्यांना कौदी म्हणतात. चिकपेटेच्या बाजारातून कापडाचे उरलेले तुकडे किलोवर आणायचे आणि जोडायचे. एका परदेशी संस्थेने इथल्या संस्थेबरोबर आम्हा बायकांसाठी जयनगरला शिबिर ठेवलं होतं. हाताने वस्तू करणाऱ्यांना धंदा शिकवायचा, असं ते होतं. मला एकटीला जायची लाज वाटायची, म्हणून शेजारच्या अक्काला बरोबर नेलं. ती चार घरी स्वयंपाक करते, शिवणकाम तिला येत नाही. पण तिला बोलता येतं.

तिथल्या गोऱ्या बाईंनी सांगितलं, कापड आणि दोरा धरता तसे स्वतःच्या वेळेचेही पैसे धरा. आम्ही सगळ्या हसलो. मग म्हणाल्या, वस्तूबरोबर ती करणाऱ्या बाईची गोष्टही गेली पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याला आपलेपणा वाटतो. प्रत्येक वाकळेला एक चिठ्ठी लावायची ठरली. तिच्यावर फोटो आणि इंग्रजीत चार ओळी. माझा नंबर आला तेव्हा फोटोवाल्याने मला वाकळ घेऊन बाहेर झाडाखाली उभं केलं. आत संस्थेची मुलगी गोष्ट लिहून घेत होती. मला बोलायचं नव्हतं, म्हणून अक्काला म्हटलं, तूच सांग.

वाकळा परदेशी गेल्या. काही महिन्यांनी संस्थेच्या मुलीचा फोन आला, तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तुमच्यासाठी पैसे पाठवलेत. खात्यावर मोठी रक्कम आली. मला वाटलं, वाकळ आवडली, बक्षीस दिलं. मी मोटरचं मशीन घेतलं.

मग संस्थेला कुणीतरी नाव न सांगता फोन केला, त्या चिठ्ठीवरची गोष्ट खोटी आहे म्हणून. साहेबांनी त्याला 'खबर' लिहिलंय. संस्थेने पोलिसांत तक्रार दिली आणि एके सकाळी महिला पोलीस दारात आली. गल्लीतल्या बायका नळावर होत्या. मी चप्पल न घालताच निघाले.

साहेबांसमोर माझी चिठ्ठी होती. त्यांनी ती मराठीत सांगितली. या बाईचा नवरा बांधकामावरून पडून गेला. त्या सकाळी केलेल्या भाकऱ्या तिने तिसऱ्या दिवशी मुलीला पाण्यात भिजवून घातल्या, कारण घरात दुसरं काही नव्हतं. मुलीला शिकवायचं म्हणून ती राबते.

मला मुलगी नाही. आणि मालक त्या वेळी एका अपार्टमेंटच्या गेटवर ड्यूटीला होते. त्यांनाही बोलावणं गेलं. ते वॉचमनच्या निळ्या कपड्यात दारात आले, तेव्हा तिथला जबाब लिहिणारा रायटर साहेबांना म्हणाला, "सर, मयत हजर आहे."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. चिठ्ठीवरचा माझा फोटो बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "मला कधी मारलंस गं?"

मी पदर तोंडाला लावला. रायटर म्हणत होता, गप्प बसली म्हणजे कबूल आहे, लिहून घेतो, फसवणुकीचा गुन्हा. साहेबांनी थांबवलं. मला नाव विचारलं. मी पदराआड सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही. परत विचारलं, परत तेच. मग ते संस्थेच्या मुलीकडे वळले. "स्वतःचं नाव सांगायला हिला घाम फुटतो. हिने तुमच्यासमोर एवढं सगळं सांगितलं?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, सांगणारी दुसरी होती, ती हिचंच सांगतेय असं समजून मी लिहिलं. साहेबांनी लिहिलंय, तपास तिथे फिरला. गप्प बसणारा दर वेळी काही लपवत असतोच असं नाही, असंही लिहिलंय.

अक्काला आणलं. हाताला कणीक तशीच होती. तिने काही नाकारलं नाही.

"मी हिचंच सांगणार होते, सर. त्या पोरीने विचारलं, घरी कोण कोण असतं? आणि माझंच निघालं. स्वल्प बोलून थांबायचं होतं, थांबता आलं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला असं कुणी विचारलंच नव्हतं."

आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत आहे. तिची फोडणी मला वासाने कळते. तिचा नवरा कसा गेला ते मला पोलीस स्टेशनात कळलं, तेही इंग्रजी चिठ्ठीवरून.

गुन्हा दाखल झाला नाही. जबाबावर माझी सही घेतली. संस्थेने त्या म्हाताऱ्या बाईंना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, पैसे वडील गेलेल्या मुलीसाठी होते, तिलाच मिळू देत. म्हणजे ते अक्काच्या मुलीचे. मी मशीन विकायला काढलं. मालक त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नव्हते, तेव्हा बोलले. "मशीन राहू दे. माझं तेरावं घातलंस, आता निदान शिवून फेड."

तेव्हापासून प्रत्येक वाकळेतले काही पैसे बाजूला काढत गेले. अक्काच्या दारात द्यायचे आणि उभ्या उभ्या परत यायचं. ती 'सरी' म्हणायची, म्हणजे बरं. तिच्याकडे वर बघवत नव्हतं. माझ्या फोटोखाली तिच्या भाकऱ्या किती घरांत जाऊन पडल्यात, तेच डोक्यात यायचं.

मुलगी आता कॉलेजला आहे. परवा शेवटचे पैसे घेऊन गेले. अक्काने ते देवापाशी ठेवले आणि मी परत फिरायची वाट बघत उभी राहिली. मी चप्पल काढली, आत गेले, खाली बसले. विचारलं, भाऊजी दिसायला कसे होते गं?

ती बोलत राहिली. मी उठले तेव्हा अंधार पडला होता. पैसे सगळे फिटले.