फेटा आधी, निकाल मग

बीड शहरात बॅट हातात धरलेली एकही पोरगी अशी नाही, जिच्या डोक्याला पहिला फेटा माझ्या धाकट्या आत्यानं बांधला नाही. बॅडमिंटनवाल्या, टेबल टेनिसवाल्या, सगळ्या तिच्याच. इतर शहरांत खेळाडू मैदानातून येतात म्हणे. आमच्याकडे त्या आत्याच्या फेट्यातून निघतात. एक डावखुरी आता देशभर खेळत हिंडते. तिचा फटका दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दुसरी इतकी चपळ, की ती जाळीपाशी पोचते तेव्हा तिची सावली मागं अजून सर्व्हिसच करत असते. मी वाढवून सांगतो, हे गावाला माहीत आहे. पण पोरींच्या बाबतीत मी कमीच सांगतोय.

आत्याचं कोर्ट धान्याच्या मोंढ्यातल्या एका रिकाम्या गोदामात. रेषा ती रोज पहाटे रांगोळीनं आखते आणि हात आवरला नाही तर कोपऱ्यात कमळही काढते. शटलचं फूल आत पडलं की बाहेर, हा वाद तिच्याकडे नाही; पिसांना रांगोळी लागली की आत. पत्र्याच्या फटींतून कोवळं ऊन उतरतं, तुरीची धूळ हवेत तरंगते आणि ते पांढरं फूल इतकं सावकाश खाली येतं, की बघणाऱ्याला डुलकी लागावी, स्वप्न पडावं, जाग यावी, तरी ते हवेतच. एकदा गोदामाचं दार उघडं राहिलं आणि पदर खोचून आत्यानं मारलेलं फूल वाऱ्यावर बसून गेलं, ते पार तिकडं चकलांबा गावात एका म्हशीच्या शिंगात सापडलं. मालक शपथेवर सांगतो.

तिचा दंडक एकच. पोरगी खेळून परतली की स्टँडवर हलगी, गुलाल, फेटा. आणि फेटा बांधून होईस्तोवर निकाल विचारायचा नाही. मी एकदा विचारला, तर म्हणाली, "कावून रे? हारली आसंल तर फेटा डोक्याला बसायचा न्हाई का?"

गेल्या हिवाळ्यात घाटनांदूरची, शिकायला बीडात राहणारी एक पोरगी, मेंढ्या राखणाऱ्याची लेक, राज्याची फायनल खेळायला गेली. हरली. तिथूनच तिचा फोन आला, "आत्या, बास आता. माझी बॅट कुनाला बी देऊन टाका." आत्यानं फोन ठेवला आणि हलगीवाल्याला बोलावलं.

एसटी आली, रिकामी झाली, पोरगी नाही. हलगीवाला म्हणाला, "आक्का, वाजवू तरी कुनासाटी?"

"अलीकडच्या नाक्यावर उतरली आसंल," आत्या म्हणाली.

"तुला काय ठाऊक?" मी विचारलं.

"हारलेली पोरगी तितंच उतरती, येड्या. मी बी उतरलते. मागल्या वाटंनं घरी गेलते. मग लई वर्सं बॅटीला हात लावला न्हाई."

हे ती हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली आणि रिक्षात बसली. मागच्या रिक्षात हलगी.

पोरगी खरंच नाक्यावर, रसवंतीच्या बाकावर, मांडीवर किट घेऊन बसलेली. आम्हाला बघून उठायला लागली.

"हारले मी, आत्या."

"इचारलं कुनी? मान सरळ धर. तुरा वाकडा येतोय."

पोरगी रडली. फेट्याचे पीळ एकावर एक चढत गेले, रडणं उतरत गेलं. मग फेट्याखालून आवाज आला, "तिचा बॅकहँड कच्चा हाय, आत्या. शेवटच्या गेमला कळलं मला."

"मंग पहाटं ये. उद्याच्या रेषा तू आखायच्या."

पोरीनं किट खांद्याला अडकवलं. हलगी कडाडली. बीडमध्ये इतका गुलाल उडाला, की कपिलधारच्या धबधब्याचं पाणी संध्याकाळपर्यंत गुलाबी पडत होतं.

थोडं पुढं जाऊन मी वळून पाहिलं. आत्या मागंच, पोरीच्या त्याच बाकावर बसलेली. नाक्यावर दुसरी एसटी थांबली होती, दार उघडं होतं. कुणीच उतरलं नाही.

"चल की, आत्या."

"हां, आले," ती म्हणाली. पण दाराकडंच बघत राहिली. जणू फार वर्षांपूर्वीची एक वेणीवाली पोरगी अजून उतरायची राहिली होती.