आत्या धरण्याला आली तेव्हा

आत्या धरण्यासाठी मुंबईला येणार असा निरोप आला, तेव्हा माझा धाकटा भाऊ तिच्याच गावाजवळ कामाला होता. गावच्या खाडीपलीकडचं बंद पडलेलं अणुवीज केंद्र पुन्हा सुरू होऊ नये म्हणून आत्या येत होती, आणि भाऊ त्याच केंद्राच्या दुरुस्तीवर फिटर होता. हे तिला कोणी सांगायचं यावरून लालबागच्या आमच्या खोलीत आईबाबांची कुजबुज चालली. शेवटी आई म्हणाली, "कोणीच सांगू नका. दोन दिवस राहील आणि जाईल."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं सासर कोकणात, अगदी समुद्राकाठी. आतोबांची छोटी होडी होती आणि आत्या डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. गिरणीचा संप लांबला तेव्हा बाबांनी आईला आणि आम्हा दोघांना तिच्याकडे पाठवलं. स्वतः मात्र इथेच राहिले, आज ना उद्या गिरणी सुरू होईल या आशेवर. आम्ही शाळेचं अख्खं वर्ष तिच्या घरी काढलं. तिची स्वतःची मुलं होतीच, त्यात आम्ही. भाऊ तापाने फणफणला तेव्हा तिने पाटी घरी ठेवली आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. आम्हाला कधी परकं वाटू दिलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर तिच्या मुलांच्या ताटातलं कमी झालेलं आम्हाला दिसत होतं आणि तरी आम्ही जेवत होतो.

केंद्र तेव्हा चालू होतं. त्याचं गरम पाणी समुद्रात सुटायचं, त्याने किनाऱ्याजवळची मासळी गेली होती, आणि त्या बाजूला होड्या न्यायला मनाई होती. पुढे आत काहीतरी बिघडलं आणि ते बंद पडलं. काय बिघडलं, ते गावाला कोणी नीट सांगितलं नाही. दोनेक वर्षांनी गावाहून आलेला एकजण म्हणाला, किनाऱ्याजवळ परत मासळी मिळायला लागली आहे, आतोबा खूश आहेत.

इकडे संप कधी संपला ते कोणाला कळलंच नाही. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. साच्यांवर उभा राहून कापड विणणारा माणूस दादरला एका इमारतीचा वॉचमन झाला. मी दादरच्याच एका कापडाच्या दुकानात लागले. भाऊ आयटीआय करून नुसता फिरत होता. एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, "कंत्राटदाराला फिटर पाहिजेत. कोकणात." कुठे ते त्याने सांगितलं. बाबा म्हणाले, "जा."

तो गेला. कंत्राटदाराच्या शेडमध्ये राहायचा. गणपतीला घरी आला तेव्हा आईने विचारलं, आत्याकडे गेला होतास का? तो म्हणाला, "मी मागच्या रस्त्यानेच जातो."

आत्या आली ती संध्याकाळी. तिच्याबरोबर धरण्याला आलेल्या बाकीच्या बायका शेजारच्या चाळीत, गाववाल्यांच्या खोलीवर उतरल्या होत्या. चहा पिता पिता तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आईला भावाबद्दल विचारलं.

"तुझो झील खंय? दिसणा नाय तो."

"कामाला आहे, बाहेरगावी," आई स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली.

"ठाण्याच्या पुढे," मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर बाबा तिला समजावायला लागले. "बाय, ते सरकारचं काम आहे. ते थांबणार नाही. आम्ही काय कमी दिवस बसलो? काय झालं आमचं? नोकऱ्याबिकऱ्या देत असतील तर त्या पदरात पाडून घ्या आणि मोकळे व्हा."

आत्याने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझी मिल सुरू होवची म्हणान मी देवाक नारळ ठेवलंय. आता ह्या बंद ऱ्हवांदे म्हणान तू एक ठेव."

बाबांनी घास ताटात ठेवला. मग ते ताटाकडे बघत म्हणाले, "बाय, तो तिथेच आहे. दुरुस्तीवर. जा म्हणून मीच सांगितलं."

आई माझ्याकडे बघायला लागली. मला ठाण्याचं आठवून कुठे तोंड लपवू असं झालं.

"माका म्हायत हा," आत्या म्हणाली. "बाजारात बघितलंय मी त्याका. माका बघून तोंड फिरवल्यान." मग म्हणाली, "वाळलो हा. थंय खावक काय देतत, तुका म्हायत हा?"

आईला रडू आलं. बाबांनी विचारलं, "रागावलीस?"

"रागावलंय तर. खूप रागावलंय. " तिने ताट आईपुढे सरकवलं. "आता भात वाढ."

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि तिच्याबरोबर आझाद मैदानावर गेले. दुपारी मी दुकानातून सुट्टी काढून गेले, तर ते बायकांच्या मागे मांडी घालून बसलेले. घोषणा देत नव्हते. आत्याचा हात भरून आला म्हणून तिचा फलक त्यांनी धरला होता. त्यावर लिहिलं होतं, केंद्र पुन्हा सुरू करू नका. एका बाईने आत्याला विचारलं, हे कोण? "माझो भाव. मिलचो," आत्या म्हणाली. पुढचं काही तिने सांगितलं नाही. बाबांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी कोणी साहेब येऊन निवेदन घेऊन गेला. विचार करू, म्हणाला. बायका रातराणी एसटीने परत गेल्या. काही महिन्यांनी केंद्र सुरू झालं. बातमी बाबांनी पेपरात वाचली आणि पेपर घडी करून आईकडे दिला. भावाला त्याच कंत्राटदाराने देखभालीवर ठेवून घेतलं. पगार वेळेवर यायचा. माझं लग्न त्याच पगारावर झालं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आत्या लग्नाला आली. हॉलवर भाऊ तिला टाळायला वाढप्यांबरोबर आत-बाहेर करत होता. शेवटी तिने त्याच्या हातातली जिलेबीची परात काढून घेतली आणि त्याला शेजारच्या पाटावर बसवलं.

"घर तुझ्या वाटेर हा. येवक काय झाला?"

येईन अशी त्याने मान हलवली.

पुढच्या रविवारी तो गेला. मी माहेरी आले होते तेव्हा त्याने सांगितलं. आत्याने भात आणि बांगड्याचं तिखलं केलं होतं. बांगडे बाजारातून विकत आणले होते. आतोबा ओट्यावर बसून होते. होडी विकली होती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? जेवलो." मग म्हणाला, "ती वाढत राहिली. मी नको म्हटलं नाही."