कार्डाचा ड्रायव्हर आणि सही-शिक्क्याची हमी

ऐंशीचे दशक संपत आले होते. पांढुर्ण्यातील आमच्या छापखान्यासाठी मी संगणक घेतला आणि पडद्यावर देवनागरी दाखवणारे ग्राफिक्स कार्ड नागपूरच्या एका विक्रेत्याकडून बसवून घेतले. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, वेगळ्या प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. तो आमच्या प्रोसेसरला जुळवून देऊ, अशी विक्रेत्याची सही-शिक्क्यानिशी हमी होती. हमी हा शब्द मी कधीही हलक्या अर्थाने वाचत नाही.

पडद्यावर प्रत्येक अक्षराचा उजवा अर्धा भाग डावीकडे उमटला! अभियांत्रिकी शिकून आलेल्या माझ्या मुलीने कारण ओळखले: जोडीतला कोणता बाइट आधी ठेवायचा, याचा दोन्ही प्रोसेसरांचा नियम उलटा. तेवढे तिने दुरुस्त केले. पण मजकूर वर सरकवताच पडदा विस्कटे, आणि सरकवण्याच्या आज्ञा कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर द्यायच्या ते माहितीपुस्तकाशिवाय कळणार नव्हते. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची कामे येणार. यंत्र अडले तर ती सगळी सौंसरच्या छापखान्यांकडे जाणार.

मी रजिस्टर्ड पत्रे धाडली. उत्तर आले, पुस्तक गोपनीय आहे, आमचा माणूस घेऊन येईल. माणूस आला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी जुन्या प्रथेप्रमाणे जाम नदीच्या पात्रात पलीकडचे सावरगाव आणि आम्ही एकमेकांवर गोटे फेकतो. बाजारात एक शटर उघडे नसते, हे नागपुरात कोणाला ठाऊक नाही? तो बंद दार पाहून परतला आणि विक्रेत्याने कळवले: प्रत्यक्ष भेट दिली, ग्राहक अनुपस्थित, सबब हमी पूर्ण. असला निर्लज्ज युक्तिवाद मी कोर्टातही ऐकलेला नाही.

"बाबा, तुम्ही कलमं काढून राहिले, तोवर मी पत्ते शोधते," मुलगी म्हणाली. एकेका पत्त्यावर एकेक आकडा टाकून पडद्यावर काय हलते ते ती पाहत बसे. मोसमाआधी मजकूर सुरळीत सरकू लागला.

मग विक्रेता स्वतः उगवला. "ताई, तुमचा ड्रायव्हर फ्लॉपीवर द्या ना. लोधीखेड्याच्या गिऱ्हाइकालेही असंच यंत्र देलं आहे."

"आधी ते गोपनीय पुस्तक काढा, काका. माझं काम तपासून घेते."

त्याने बशीतल्या चहावर फुंकर मारली. "पुस्तक होतं कुठं? कार्डासोबत आलंच नव्हतं."

"मग गोपनीय काय होतं?" मी ओरडलो.

"तेच, साहेब. पुस्तक नाही हेच."

मी त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि दार दाखवले. फ्लॉपी त्याला मिळाली नाही. लोधीखेड्याला मुलगी स्वतः जाऊन ड्रायव्हर बसवून आली. त्या गिऱ्हाइकाचा काही गुन्हा नव्हता.